मी तुमच्या जागी असते तर

वरठी स्टेशनवर गाडी हलली. बाबा खिडकीला धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "जेवत जाजो बाई." पोचवायला तुम्हा गावकऱ्यांपैकीही बरेच आले होते. करडीतून निघून मी इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू व्हायला चालले होते.

तिथं कामापुरतं इंग्रजी येत होतं. अडायचं ते 'इफ आय वेअर यू'शी. मी दर वेळी 'वॉज' म्हणायचे. मार्गारेट नावाच्या सिनियर नर्सनं एकदा चहा पिताना समजावलं, "'वेअर' म्हणजे हे खरं नाही, फक्त धरून चालायचं." म्हणजे आपलं 'मी तुझ्या जागी असते तर'. मग मी ते उठताबसता वापरू लागले.

बाबांना मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन ते टाळत होते. दर रविवारी मी फोनवर सांगायचे, "मी तुमच्या जागी असते तर उद्याच भंडाऱ्याला गेले असते." ते "हो हो" म्हणत आणि फोन आईकडे देत.

मग वॉर्डात थॉमस नावाचे म्हातारे मेंढपाळ आले. पायाचं ऑपरेशन नको म्हणत होते. मी माझं वाक्य म्हटलं, या वेळी बिनचूक. ते शांतपणे म्हणाले, "पण तू मी नाहीस ना, पोरी."

मी ओशाळले. खुर्ची ओढून बसले आणि काळजी कशाची वाटते ते विचारलं. घरी कुत्रा एकटा होता. शेजारणीला फोन करून त्याची सोय लावली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

त्या रविवारी विचारलं, "बाबा, तुम्हाले भेव कायचं लागते?"

या वेळी त्यांनी फोन आईकडे दिला नाही. म्हणाले, "डोळ्याले पट्टी बांधून बसलो तं धानाचा रोवणा कोण पाहील? आन् समज, मंग काहीच दिसलं नाही तं? तुले कसा पाहू मी?"

इतके महिने मी हे विचारलंच नव्हतं. "रोवणा होऊ द्या," म्हटलं, "मी येते."

धानाची रोपं लावून रोवणा आटोपल्यावर मी गावी गेले. ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. "तुहे केस पांढरे होऊन राहिले व," म्हणाले. "कवापासून?" आई हसली, मग मीही.

आता रविवारी बाबाच जास्त बोलतात, मी ऐकते. त्या अर्ध्या तासात मी करडीत असते की इथल्या माझ्या दोन खोल्यांत, ते मला सांगता येत नाही. त्याचं वाईटही वाटत नाही.