पंचफुलाबाईचे पाय

लोकं म्हणतात, पंचफुलाबाईचा पाय साखरेच्या बिमारीनं गेला. डॉक्टरही तेच म्हणाला. पण मी तिची शेजारीण, जिजाबाई. मले माहीत आहे त्यात माहाही हात होता. कोणी म्हणन, बुढीले आता हे काहून उकरायचं आहे? उकरायचं आहे, बस.

महाल वस्तीतल्या आमच्या गल्लीत कोणाच्याही घरी बाळंतीण असली की पंचफुलाबाई सकाळीच हजर. पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यावर खोचायची, दोन्ही पाय समोर लांब करायची अन् नडग्यांच्या मधल्या खळग्यात लेकरू पालथं घालायची. तेल चोळून, पाणी टाकून, धुरी देईपर्यंत लेकरू झोपलेलं. नवरा गेल्यावर याच कामावर तिनं एकुलत्या पोरीले, प्रेमलताले, वाढवलं अन् काटोलले दिलं. तोंडाची मात्र फटकळ. बाळंतिणीची सासू मधात बोलली की म्हणे, तुमचं लेकरू तुम्हीच घ्या मग पायावर.

प्रेमलताले आठ वर्षं लेकरू नव्हतं. त्र्याहत्तर साली राखीले आली ती पाचवा महिना घेऊनच. पंचफुलाबाई त्या दिवशी दारोदार सांगत फिरली. जगाची लेकरं न्हाऊ घातली, आता माह्या घरचं घालीन, म्हणे. तिले दुसरं काहीच नको होतं बाप्पा.

दसऱ्याच्या सुमारास गल्लीतल्या गोपाळरावांच्या नातवाची अंघोळ सुरू होती. मी तिथंच बसून होती. पंचफुलाबाईची रीत अशी, की पहिला तांब्या आपल्याच पायावर टाकायचा. पायाले सोसलं त लेकराले सोसते. तिनं टाकला अन् कोमट आहे म्हणाली. सुनेनं सहज घंगाळात बोट घातलं अन् झटक्यात लेकरू उचललं. पाणी पार कढत होतं. लेकराले काही झालं नाही, नशीब. पण पंचफुलाबाईचं पाऊल लालभडक झालं होतं, अन् ती त्याच्याकडे अशी पाहून राहिली होती, जसं दुसऱ्याच कोणाचं पाऊल.

घरी येईपर्यंत टरारून फोड आले. दुखते का वं, विचारलं त नाही म्हणाली. खोदून विचारलं तवा बोलली. वर्ष झालं, तळपाय कापसावर ठेवल्यासारखे वाटतात, चप्पल निसटली तरी समजत नाही. डॉक्टरकडे चाल म्हटलं त तिनं माहा हात धरला.

"जिजा, बोंब नको करू. न्हाऊ घालणारीचा पाय सडला म्हटल्यावर कोण लेकरू देईन मले? प्रेमाची सासू त नाहीच देणार."

अन् मी बिनडोक बाई, ऐकलं तिचं. रोज हळद-तेल बांधलं. गल्लीले सांगितलं, पाय मुरगळला. दुखत नव्हतं म्हणून आम्ही समजलो, बरं होऊन राहिलं. दुखलं असतं त बोंबलत गेली असती ना बाई दवाखान्यात. न दुखण्यानंच घात केला.

तीन आठवड्यांनी पट्टी सोडली त अंगठा काळा. असा वास सुटला, की मी सरळ रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरनं लघवी तपासली, रक्त तपासलं. साखर खूप वाढली, पायाच्या नसा मेल्या, विष वर चढून राहिलं, म्हणाला. पाय गुडघ्याखालून कापला नाही त जीव जाईन. पंचफुलाबाईनं जिवाचं विचारलंच नाही.

"डॉक्टरसाहेब, नडगी किती राहीन?"

डॉक्टरनं चार बोटं दाखवली. तिनं भिंतीकडे तोंड केलं. बाहेर येऊन मी त्याले विचारलं, लवकर आणलं असतं त? वाचलाही असता, म्हणाला.

डिसेंबरात प्रेमलताले मुलगी झाली. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, बाई, मी बाजूले बसते, तुहा एक पाय अन् माहा एक पाय, घेऊ लेकराले. ती नाही म्हणाली. उरलेल्या पायाले तिनं टाचणी टोचून पाहिली होती. त्यालेही काही समजत नव्हतं. तूच घाल न्हाऊ, म्हणाली, मी आतच बसते.

मी घातलं. आतून तिचा आवाज येत होता, मान धर, कानात पाणी जाईन.

लेकरू दुपट्यात गुंडाळून आत नेलं त तिनं तोंड नाही पाहिलं. दुपट्यातून पाऊल बाहेर काढलं अन् तळव्याले नखानं चिमटा घेतला. पोट्टी कळवळून रडली. प्रेमलता भिंत धरत धरत आली.

"माय, काहून चिमटा काढला वं तिले?"

पंचफुलाबाईनं दुसरं पाऊल काढलं, त्यालेही चिमटा घेतला. लेकरानं टाहो फोडला.

"रडू दे," ती म्हणाली. "हिच्या दोन्ही पायाले समजते."

मग तिनं ते दोन्ही तळवे आपल्या डोळ्यांवर दाबून धरले अन् अशी रडली, की लेकराचं रडणं ऐकू येईना.