आसनाची उंची

आमच्या खरेदी शाखेत कुणीही टेंडर कोऱ्या कागदावर लिहीत नाही. मागच्या वर्षीचं टेंडर उघडायचं, त्याची नक्कल करायची, वस्तूचं नाव, नग, तारखा आणि माल पोचवण्याचं ठिकाण बदलायचं, की नवं टेंडर तयार. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या हेडक्लार्कबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नवीन काही लिहू नकोस. नवीन लिहिलं की नवीन शंका निघतात." त्यांचं ऐकून मी इतकी वर्षं सुखात काढली. मग एकदाच अशी फसले की आजही बेंच दिसला की मी आधी त्याचे पाय बघते.

मी अमळनेरची. रोज सकाळच्या एसटीने धुळ्याला कार्यालयात जाते आणि संध्याकाळी परत येते. स्वभाव म्हणाल तर काटेकोर. घरचे याला दुसरा शब्द वापरतात. लग्नाची पत्रिका हातात पडली तरी मी आधी चुका शोधते. कार्यालयात माझ्या पर्समध्ये पोळीभाजीच्या डब्याशेजारी लोखंडी टेप असतो, आणि आलेला माल त्या टेपने मोजल्याशिवाय मी सही करत नाही. पुरवठादार माझ्यामागे मला 'टेपवाली मॅडम' म्हणतात. हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या पुरवठादारांपैकी एक होते सोनगीरचे नाना. साठी ओलांडलेले, हायवेला लागून त्यांचा लोखंडी फर्निचरचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड आणि सात-आठ कारागीर. एकदा त्यांनी रेकॉर्डरूमसाठी लोखंडी मांडण्या आणल्या. मी टेप लावला. कप्प्यांची खोली तीन मिलिमीटर कमी भरली. सगळा माल परत पाठवला. नानांनी वाद घातला नाही. "ताई, तीन मिलिमीटरनं काय व्हस?" एवढंच आपल्या अहिराणीत विचारलं. मी म्हटलं, "मॅडम म्हणा. आणि तीनने होत नसेल तर टेंडरमध्ये लिहिलं कशाला असतं?" त्यांनी टेम्पो भरला आणि ते गेले. आठ दिवसांनी बरोबर मापाच्या मांडण्या घेऊन आले. त्या दिवशी मी घरी हे फार रंगवून सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांसाठी बेंचचं टेंडर निघालं. पहिली ते चौथीची मुलं तिथे जमिनीवर तरटपट्ट्या टाकून बसायची. मी नेहमीप्रमाणे मागचं टेंडर उघडलं, नाव बदललं, नग बदलले, तारखा बदलल्या, गावांची यादी नव्याने जोडली. तीन टेबलांवरून फाइल फिरली, तीन सह्या झाल्या. काम नानांनाच मिळालं. पुरवठ्याचा आदेश गेला आणि मी दुसऱ्या फाइलींच्या मागे लागले.

माल यायला पंधरा दिवस उरले असताना त्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका कार्यालयात आल्या. जिल्ह्याच्या बैठकीसाठी आल्या होत्या, जाताजाता डोकावल्या. वर्ग अरुंद आहेत, बेंच किती लांबीचे आहेत ते कळलं तर रांगा आखून ठेवता येतील, म्हणाल्या. अशी आधी विचार करणारी माणसं मला आवडतात. मी कौतुकाने फाइल काढली आणि परिशिष्ट वाचून दाखवायला लागले. लांबी, रुंदी, पाईपची जाडी. "आसनाची उंची साडेचारशे मिलिमीटर, मेजाची उंची साडेसातशे."

बाईंनी हात जमिनीपासून वर नेत हवेत माप धरलं. मग स्वतःच्या खुर्चीकडे पाहिलं. "म्हणजे या खुर्चीएवढी?" त्या हसल्या. "मॅडम, माझी पहिलीची पोरं एवढ्यावर चढणार कशी? आणि चढली तरी पाय लटकत राहतील. मेज तर हनुवटीलाच येईल."

मीही हसले. "छपाईची चूक असेल, बघते," म्हटलं आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. त्या दाराबाहेर पडल्या आणि मी जुनी फाइल काढून शेजारी ठेवली. मागच्या वर्षीचं टेंडर कनिष्ठ महाविद्यालयाच्या बेंचचं होतं. मी मथळा बदलला होता. परिशिष्ट तसंच राहिलं होतं. अकरावी-बारावीच्या मिशा फुटलेल्या पोरांचं माप मी सहा वर्षांच्या लेकरांना लावून दिलं होतं.

खरी शरम तर अजून पुढेच होती. आदेशाला काही दुरुस्ती झाली आहे का ते बघायला मी फाइल मागून पुढे चाळली, तर त्यात नानांचं एक पत्र टॅगला लावलेलं. महिन्याभरापूर्वीचं, आवक शिक्का मारलेलं, कुणाकडून तरी नीट टाइप करून घेतलेलं. 'बेंच पहिली ते चौथीसाठी असल्याचे कळते. आसनाची उंची जास्त वाटते. कृपया खुलासा व्हावा.' आणि त्याच्या वरच्या पानावर आमचं उत्तर. मसुदा माझा, सही साहेबांची. 'निविदेतील तांत्रिक तपशिलाप्रमाणेच पुरवठा करावा. त्यात कोणताही बदल ग्राह्य धरला जाणार नाही.'

हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं आहे की ते बोटांनाच पाठ आहे. पुरवठादाराचं पत्र आलं की तो सवलत मागणार, हे धरूनच मी चालते. ते पत्र मी पूर्ण वाचलंच नव्हतं. माणूस चूक दाखवत होता आणि मी त्याला गप्प बस म्हणून सहीनिशी लेखी कळवलं होतं.

त्या संध्याकाळच्या एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही. डोक्यात एकच प्रश्न फिरत होता: बेंच तयार झाले असतील का? झाले असतील तर संपलंच. नानांच्या हातात आमचं पत्र होतं. त्यांनी आदेशाबरहुकूम माल आणला तर आम्हाला तो घ्यावाच लागणार होता. आश्रमशाळांना पुन्हा बेंच मिळायला किती वर्षं लागली असती कुणास ठाऊक. तोवर ती पोरं पाय लोंबकळत ठेवून बसली असती, किंवा बेंच भिंतीला सरकवून परत तरटपट्टीवर आली असती. माझी चौकशी झाली असती ते वेगळंच. बढतीच्या यादीत माझं नाव होतं, हेही मनात येऊन गेलं. आणि गप्प बसण्याचा विचारही आला, तो लपवत नाही. कागदावर सगळं बरोबर होतं. मी टेप लावला असता, साडेचारशे भरले असते, मी सही केली असती. मला कुणी बोट लावू शकलं नसतं. अमळनेरच्या स्टँडवर उतरले तेव्हा हा विचार करणाऱ्या बाईची मला किळस आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला उतरले ती कार्यालयात गेलेच नाही. शिरपूरची गाडी पकडून थेट सोनगीरला उतरले. किल्ल्याच्या बाजूने हायवेवरून चालत शेडपर्यंत गेले. आतून ग्राइंडरचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला वाटत होतं, झालं, एक बेंच आणखी झाला.

नाना दारातच खाटेवर बसले होते. मला बघून उठले. "या ताई, बठा. मी तुमनी वाटच दखी ऱ्हायनू." या वेळी मी मॅडम म्हणा म्हटलं नाही. बसलेही नाही. सरळ विचारलं, "नाना, बेंच किती झाले?"

"एक."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. नानांनी मला आत नेलं. शेडच्या एका भिंतीला कापलेले पाईप रचून ठेवले होते, दुसऱ्या भिंतीला आसनांच्या फळ्या. ग्राइंडर चालू होता तो कोपऱ्यातल्या कुणाच्या तरी गेटवर. मधोमध फक्त एक बेंच उभा होता, रंगही न दिलेला. आणि त्याच्यावर नानांची नात बसून चिवडा खात होती. शाळेत नुकतीच घातलेली असावी. तिचे दोन्ही पाय हवेत झुलत होते आणि चिवड्याची वाटी मेजावर ठेवायला तिला हात खांद्याच्या वर न्यावा लागत होता.

"बठ्ठा पाईप कापेल शेतस," नाना म्हणाले, म्हणजे सगळे कापून झाले होते. "वेल्डिंग मातर करं नही."

"का?" मी विचारलं.

त्यांनी नातीच्या पायांकडे बोट दाखवलं. "पोरेसना पाय कोठे ठेवाना, ताई?" मग पाईपांच्या ढिगाकडे वळून म्हणाले, "तुमना कागद मनापाशी शे. पन लांबा पाईप आखूड व्हस, आखूड पाईप लांबा व्हस नही. म्हनून थांबनू."

मी म्हटलं, "नाना, तुम्ही थांबलात, पण मी आलेच नसते तर? मुदत संपली असती तर दंड मीच लावला असता."

यावर ते मनापासून हसले. म्हणाले, "तुम्ही येशात हाई मले माहीत व्हतं. तीन मिलिमीटरसाठे टेम्पो परत धाडनारी बाई शेतस तुम्ही. टेप लिसन येशातच. आल्यावर हाई पोर दाखाडसू, अशे ठरायेल व्हतं."

माझा जीव असा भांड्यात पडला की मी त्या कापलेल्या पाईपांच्या ढिगावरच बसले. ज्या माणसाला मी सगळ्यांसमोर परत पाठवलं होतं, त्याने माझ्या त्याच खडूसपणावर विश्वास टाकून आपला सगळा माल अडवून धरला होता. मी त्यांची माफी मागितली. पत्राचीही आणि त्या मांडण्यांचीही. मांडण्यांचं नाव काढल्यावर ते म्हणाले, "मांडण्या मातर खरंच कमी व्हत्या." मग मला चहा आला, त्यांच्या सुनेने भरीत-भाकरीचा आग्रह केला आणि सकाळपासून पहिल्यांदा मला भूक लागली.

जेवण झाल्यावर मी आणि नानांनी मिळून नातीचं माप घेतलं. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत. पोर गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. गल्लीतली आणखी सहा-सात पोरं बोलावली, त्यांचीही मापं घेतली. एवढ्या वर्षांत मी हजारो वस्तूंना टेप लावला असेल. ज्यांच्यासाठी ती वस्तू आहे त्या माणसाला लावण्याची ही पहिलीच वेळ.

कार्यालयात परतून मी टिपणी लिहिली. कुठलीही जुनी टिपणी न उघडता, कोऱ्या पानावर. चूक माझी आहे, पुरवठादाराने ती लेखी दाखवली होती आणि ते पत्र मी न वाचता उत्तर दिलं, असं सरळ लिहिलं. साहेबांनी ती वाचून चष्मा काढला. माझ्यावर ओरडले, आणि ओरडायलाच हवं होतं. मग टिपणी पुन्हा वाचली, आदेशावरच्या सह्या बघितल्या आणि आवाज खाली आला. "यात माझीही सही आहे," म्हणाले. उंची कमी करण्याचा प्रस्ताव वर गेला. पाय आखूड झाल्याने वाचलेल्या पाईपची बिलातली वजावट नानांनी लेखी मान्य केली होती, त्यामुळे कुणाला हरकत घेण्यासारखं काही उरलं नाही. चार दिवसांत मंजुरी आली. मला एक ज्ञापन मिळालं, 'यापुढे दक्षता घ्यावी' असं. बढती वर्षभर पुढे गेली. ते ज्ञापन घरी दाखवलं तर घरचे म्हणाले, मिठाईचा पुडा आणल्यासारखी काय हसतेस?

बेंच शाळेत पोचले त्या दिवशी तपासणीला मी स्वतः गेले. नाना टेम्पोच्या पुढे बसून आले होते. तो उंच पायांचा बेंच मला आठवण म्हणून देऊ का, असं त्यांनी हळूच विचारलं. पुरवठादाराकडून भेट घेता येत नाही, मी म्हटलं, आणि ते "झाल्या सुरू मॅडम" म्हणून हसले. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिलीचा वर्ग आत सोडला. पोरं धावत बेंचवर बसली आणि एका मुलीने दोन्ही पाय जमिनीवर आपटून पाहिले. आवाज आला म्हणून पुन्हा आपटले. मग शेजारणीने, मग मागच्या रांगेने, मग सगळ्या वर्गाने. बाई गप्प बसा म्हणून ओरडायला लागल्या, तर मी त्यांना म्हटलं, "दोन मिनिटं राहू द्या."

मग टेप काढला, प्रत्येक माप घेतलं आणि तपासणी अहवाल भरला. त्याच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथे मी कायम 'तपशिलाप्रमाणे योग्य' एवढंच लिहीत आले. त्या दिवशी पेन तिथे आल्यावर थांबलं. वर्गातला आवाज अजून चालूच होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवालावर सही करताना विचारलं, "हे काय लिहिलंय? असा शेरा असतो का?" मी म्हटलं, "नसतो, पण राहू द्या." त्यांनी राहू दिला. त्या फाइलमध्ये तो अजून आहे: 'मुलांचे पाय जमिनीला टेकतात.'