ट्रेलरवाल्या काकांचा नंबर

मुलांनो, आपल्या तळमजल्यावरचे ट्रेलरवाले काका तुम्हाला आठवत असतील. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर नेतात, आणि इंजिन सुरू असल्यासारखे घरातही ओरडूनच बोलतात. गेल्या आठवड्यात त्यांची डावी पोटरी टम्म सुजली. ती टायरसारखी थोपटून म्हणाले, "हवा जास्त झालीय, आज्जी. टेन्शन नाय."

डॉक्टरांना मात्र शिरेत रक्ताची गाठ असल्याची शंका होती. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून त्यांनी पायाची डॉपलर सोनोग्राफी सांगितली.

"सोनोग्राफी? ती बायकांची असती!" म्हणत काका दोन दिवस टाळत राहिले. शेवटी मीच त्यांना रिक्षात घालून तुर्भ्याच्या सोनोग्राफी केंद्रात नेले.

तिथे बाकांवर खरोखरच सगळ्या गरोदर बायका. काकांचा नंबर पुकारला, तर ते शेजारच्या मुलीला म्हणाले, "तुमी जावा ताई, कवाधरनं पाणी पिऊन बसलाय." पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मला राहवेना.

"पुरे झाला दिलदारपणा! उठा आता."

"आज्जी, तुमी बी आत या," ते इतक्या हळू म्हणाले की मला पुन्हा विचारावे लागले.

आत डॉक्टरीणबाई गुडघ्यामागे यंत्र दाबून बघू लागल्या. मोकळी शीर दाबली की चपटी होते, असे त्यांनी मला समजावले. पडद्यावरची शीर काही केल्या चपटी होईना. काका माझ्याच चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते, आणि मला तो शांत ठेवता येईना.