बुडाचं फूल

फडताळावरच्या निम्म्या चीजला तेल चोळून झालं होतं, निम्मं कोरडंच होतं, तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या बोबोरेकाकांनी बायकोला, अंतिओगा मावशींना, हाक मारली, "अगं, एक गोळा इकडे आण. बघू दे कसा झालाय."

मी शेजारची, खमीर मागायला गेलेली, दारातच थांबले.

बघू दे म्हणजे चाचपू दे. काकांची दृष्टी जाऊन दोन वर्षं झाली. मेंढीच्या दुधाच्या आमच्या या कडक चीजला फियोरे सार्दो म्हणतात, म्हणजे आमच्या सार्डिनिया बेटाचं फूल. कुणी म्हणतं, पूर्वी दूध फाडायला रानफूल घालत, त्यावरून. आमच्या गावात मात्र साच्याच्या बुडाशी कोरलेल्या आणि गोळ्यावर उमटणाऱ्या फुलावरूनच मानतात. काकांचे साचे त्यांच्या वडिलांनी नासपतीच्या लाकडात कोरलेले. या हिवाळ्यात मुलाने पोलादी साचे आणले, जुने कोपऱ्यात गेले. मग एकदा सरपण ओलं निघालं आणि अंतिओगा मावशींनी ते जुने साचे चुलीत घातले. त्याच धुरावर हे चीज धुरावलं.

काकांनी गोळा उपडा करून अंगठा फिरवला. "हा कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? चोरून आणीन होय?"

"फूल कुठंय?"

"अहो, तेल जास्त झालंय, हाताला लागत नसेल."

"तेलाने फूल बुजत नाही. आंधळा झालोय, खुळा नाही."

मग मावशींनी सांगून टाकलं. काका एवढंच म्हणाले, "नासपती छान जळते," आणि गोळा परत दिला.

मावशी माझ्याबरोबर अंगणात आल्या. "ओरडले असते तर बरं वाटलं असतं गं. मुखवटे कोरणाऱ्या गोनारिओला नवीन साचा सांगू?"

"सांगा की. पाकळ्या किती होत्या?"

मावशींना आकडा आठवेना. लग्न झाल्यापासून तेच साचे त्या घासत आल्या होत्या. आत जाऊन त्यांनी काकांना विचारलं.

"अंगठ्याला माहीत होतं," काका म्हणाले. "मी कधी मोजल्या नाहीत."

खालच्या आळीतल्या, मावशींच्या नणंदेने गेल्या वर्षीचा, जुन्या साच्यातला एक गोळा किसायला ठेवलाय म्हणे. देवमाते, तो बुडापर्यंत किसला गेलेला नसो. उद्या चर्चमधली मिसा झाली की अंतिओगा मावशी तो मागायला जाणार आहेत.