आधीच बाजूला होणाऱ्या शेषरत्नम्मा

आंध्रातल्या अमलापुरात शेषरत्नम्मांना लोक दोन कारणांनी ओळखत. एक म्हणजे मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि अमेरिकेच्या नद्या अमेरिका न पाहता फळ्यावर काढल्या. दुसरं म्हणजे कुठल्याही शुभकार्यात ऐन मुहूर्ताला त्या जागेवर सापडत नसत.

याची सुरुवात साधी होती. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात एक चुलत जाऊ त्यांच्या कानाशी वाकून फार गोड आवाजात म्हणाली होती, "अक्का, तुम्ही जरा आत बसता का?" शेषरत्नम्मा आत बसल्या. आणि हे वाक्य पुन्हा कुणाला बोलायची संधी द्यायची नाही, असं त्यांनी आत बसल्या बसल्या ठरवून टाकलं. त्यानंतर सनईवाल्यांनी फुंकर मारायचा अवकाश, त्या उठायच्या आणि पुळिहोराच्या, म्हणजे चिंचेच्या भाताच्या, पातेल्याशी जाऊन उभ्या राहायच्या. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे, "मला बाई त्या गर्दीत बसायला आवडतच नाही." हे इतक्या वेळा सांगून झालं की लोकांनी ते खरं मानलं. काहींनी तर त्यात वैराग्यही पाहिलं. अपमान टाळण्याची युक्ती चांगली साधली की तिला लोक स्वभाव म्हणतात.

लहानपणी पदर धरून त्यांच्याबरोबर पातेल्याशी उभा राहणारा त्यांचा मुलगा फणींद्र आता डॅलसला होता, आणि त्याचा साखरपुडा ठरला होता. मुलगी साहिती तिथेच जन्मलेली, वडील दातांचे डॉक्टर. शेषरत्नम्मा लोणच्याच्या बरण्या आणि पूतरेकुलू मिठाईचे डबे घेऊन विमानात बसल्या, तेव्हा त्यांच्या मनात एक गोष्ट होती आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. मुलाकडच्या तांबुलाचं ताट त्या स्वतःच्या हातांनी मुलीकडच्यांना देणार होत्या. परक्या मुलखात कोण कुणाची चुलत जाऊ?

पोहोचल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी फणी चहाचा कप विसळता विसळता म्हणाला, "अम्मा, ताटं बदलायला ह्यूस्टनचे बाबाय आणि पिन्नी बसतील. सांगून ठेवलंय मी."

हे बाबाय म्हणजे फणीच्या वडिलांचे लांबचे चुलतभाऊ. त्यांनी फणीला कडेवर कधी घेतलं नव्हतं, पण त्यांची बायको, म्हणजे ही पिन्नी, जिवंत होती.

"बरं," शेषरत्नम्मा म्हणाल्या.

"आणि तुला कुणी आग्रह करणार नाही. साहितीच्या घरी मी स्पष्ट सांगितलंय."

"काय म्हणाले ते?"

"तिच्या अम्माला जरा वाईट वाटलं. म्हणाल्या, आम्ही असलं काही मानत नाही, त्यांनाच बसू द्या. मी म्हटलं, मानण्याचा प्रश्नच नाही. अम्माला ते आवडतच नाही, तिचा स्वभावच तसा आहे."

हे तो इतक्या मायेने बोलला की त्यावर रागवायलाही जागा उरली नाही. चुलत जाऊ निदान वाईट तरी होती.

संध्याकाळी वसाहतीतल्या तळ्याभोवती तेलुगू आया चालायला निघत. नेसायला सुती साड्या, पायात मुलांनी घेऊन दिलेले पांढरे बूट. राजमंड्रीच्या माणिक्यांबांशी शेषरत्नम्मांची तिथेच मैत्री जमली होती; त्यांना त्या वदिना, म्हणजे वहिनी, म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग सांगा की त्याला, मला बसायचंय म्हणून."

"कसं सांगू वदिना? इतकी वर्षं खोटं बोलत होते असं सांगू?"

"त्यात काय. माझ्या मुलाला वाटतं, मला शिळी इडली आवडते. लहानपणी ताजी त्याच्या पानात पडावी म्हणून मी म्हणायचे तसं. आता इतका कमावतो, पण माझ्यासाठी मुद्दाम आदल्या दिवशीची काढून ठेवतो. सुनेला दटावतो वर. अम्माला ताजी देऊ नकोस, तिला चालत नाही."

"आणि तुम्ही खाता?"

"खाते की. प्रेमाने देतो तो."

दोघी हसल्या. तळ्याची फेरी संपत आली. शेवटी शेषरत्नम्मा म्हणाल्या, "आपण होऊन नाही जमायचं मला. पण कुणी एकदा बोलावलं ना, तर उठेन."

"नक्की?"

"एकदाच बोलावलं तरी."

साखरपुड्याला हॉल भरला होता. अमलापुरात लोक आता तासाभरात उरकतात ते सगळं इथे सविस्तर चाललं होतं. चाळीस वर्षांपूर्वी देश सोडताना लोकांनी रीतीही बांधून आणल्या होत्या आणि त्यांना ऊन लागू दिलं नव्हतं. पुरोहितांनी लग्नपत्रिका वाचली. ताटं मांडली होती: विड्याची पानं, सुपारी, हळकुंडं, नारळ, साडी. शेषरत्नम्मा दुसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या. मांडीखालून पाय काढून घ्यायला सोपं जावं अशा बसल्या होत्या.

"वराचे आईवडील," पुरोहितांनी पुकारलं. ह्यूस्टनचे बाबाय शेला सावरत पुढे सरकले, मागून पिन्नी.

तेवढ्यात साहितीची आई हैमवती व्यासपीठावरून उतरली आणि सरळ शेषरत्नम्मांसमोर येऊन उभी राहिली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"वदिनगारू, फणीने विचारू नका म्हणून सांगितलंय, तरी विचारते. चला ना. ताट मला तुमच्या हातून घ्यायचंय."

पुरोहित थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर आक्षेप नव्हता. व्यासपीठावर पिन्नीने तर हसून निऱ्या गोळा केल्या आणि जागा करून दिली. शेषरत्नम्मांनी ज्या ज्या अडथळ्यांचा विचार करून ठेवला होता, त्यांतला एकही तिथे हजर नव्हता. हात धरलेला होता. फक्त उठायचं होतं.

आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, नेहमीचा, हसरा. "अय्यो, नको हो. मला बाई त्या गर्दीत बसायला आवडतच नाही. तुम्ही करून घ्या. मी जेवणाचं बघते."

वाक्य शेवटापर्यंत पोहोचलं तेव्हा त्यांना कळलं की ते आपण बोललो.

"सांगितलं होतं ना अत्तय्या?" फणी वरून होणाऱ्या सासूबाईंना म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. लोक कौतुकाने हसले. हैमवतीने हात क्षणभर तसाच धरला, मग सोडला.

मागच्या खोलीत जेवण बंद डब्यांत आलेलं होतं. बघण्यासारखं काही नव्हतं. दाराच्या काचेतून दिसत होतं ते शेषरत्नम्मांनी बघितलं. पिन्नीने ताट उचललं. डाव्या हाताला जरा कललं, तसा बाबायांनी आधार दिला. हैमवतीने ते घेताना मान लववली. मग टाळ्या झाल्या.

घरी परतताना फणी खुशीत होता.

"सगळं तुझ्या मनासारखं झालं ना अम्मा?"

"छान झालं."

"आणि एक. लग्नातही बाबाय आणि पिन्नीच बसतील. आत्ताच विचारून घेतलं मी. म्हणजे तुला पुन्हा कुणी अवघडवायला नको."

"बरं केलंस," शेषरत्नम्मा म्हणाल्या.

फणी गाडी चालवत होता, त्यामुळे त्याला रस्त्याकडे बघणं भाग होतं.