‘सोडली’ न म्हणणारे बुवा

माघ, १९३१. सोलापूरच्या आमच्या सुधारक मंडळाची रविवारची बैठक. हजर : अध्यक्ष वकीलसाहेब, खजिनदार शेटजी, कीर्तनकार बुवा, चिटणीस मी. पाहुणे : मिशनचे पाद्रीसाहेब.

मंगळवेढ्याच्या या बुवांना एक शब्द खपत नसे. ‘पोर देवीला सोडली’ असे कोणी म्हणाले की ते चालते कीर्तन थांबवत. “बांदली म्हना. गळ्यात मोती बांदत्यात, मग पोरगी जल्मभर कुनाचीबी. सोडली कुटं?” समोरचा ‘बांधली’ म्हणेपर्यंत पुढचा अभंग नाही.

त्या दिवशी पाद्रीसाहेबांनी व्याख्यान दिले. अमेरिकेतल्या धर्ममंडळींनी गुलामगिरीविरुद्ध प्रवचने केली, पळून आलेल्यांना घरात लपवले. शेटजींचे डोळे भरून आले. गुलामगिरीच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

मग बुवा उठले. “मागल्या बोळात तंगव्वाच्या केसात जट झालीया. आई म्हनती, देवीनं मागितली. पुनवंला मोती बांदनार. जट कापली तर पोर वाचंल. कोन येतंय?”

शेटजींचे डोळे कोरडे झाले. वकीलसाहेब म्हणाले, “बुवा, हा धर्माचा प्रश्न आहे.”

“आन मगाचा कशाचा हुता?”

पाद्रीसाहेब म्हणाले, मुलगी आमच्या धर्मात आली तर पाहू. चिवड्याची ताटली फिरतच होती. त्या चिवड्याची मला आजही शिसारी येते.

कात्री मी घरून आणली. तंगव्वाची आई आडवी आली. “देवी कोपंल की, बुवा.”

“माजं नाव सांग तिला.”

बुवांनी जट कापली. खाली उवा होत्या, चिघळलेल्या जखमा होत्या. देवी कुठे दिसली नाही. मान हलकी झाली म्हणून तंगव्वा हसत सुटली. दाराशी तिची थोरली बहीण नागव्वा बसली होती, गळ्यात मोती. तिने कात्री उचलली, मोत्यांच्या दोऱ्याशी धरली आणि मला परत दिली.

पुढच्या बैठकीत बुवांचे कीर्तन बंद झाले. जटेला लागलेल्या हातून बुक्का कोण लावून घेणार? हाही ठराव त्याच मंडळींचा. विरोधात मी एकटा.

मंगळवेढ्याच्या मोटारीत चढताना बुवा इतकेच म्हणाले, “थोरलीचं राह्यलं बगा.” ते पुन्हा सोलापुरात आले नाहीत.

तंगव्वा आता सुखाने नांदते आहे. त्यांच्या आईचे घर नागव्वाच्या कमाईवर चालते. मी विषय काढला की आई म्हणते, “ती देवीला सोडलेली हाय.”

“बांधलेली,” मी म्हणतो.

कात्रीला धार लावून ठेवली आहे. थोरलीचे राहिले आहे.