माझ्या पेल्यातला जास्तीचा चमचा

बाईच्या पोटाबद्दल गल्लीला सगळं ठाऊक असतं, फक्त त्या बाईला विचारायचं तेवढं राहून जातं. माझी पाळी चार-चार महिने येत नव्हती, वजन वाढत होतं, हनुवटीवरचे केस उपटून उपटून कातडी काळी पडली होती. लातुरात माझ्या सासरी या सगळ्याचा अर्थ एकच निघायचा: अजून काही नाही.

नांदेडला माहेरी गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासून खरं नाव सांगितलं, पीसीओएस. मला हसूच आलं. मी मेडिकलच्या तयारीच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. हा आजार फळ्यावर आकृत्या काढून पोरांना शिकवला होता, आणि स्वतःच्या अंगावर आला तेव्हा ओळखला नाही. बाईंनी गोळ्या दिल्या, रोज तासभर चालायला सांगितलं. पुदिना, मेथी आणि दालचिनीची एक पावडर घ्यायचं माझ्या मनात होतं, तो डबाही मी त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी डब्यावरचं सगळं वाचलं.

"घ्या, सकाळी एक चमचा. काहींना उपयोग होतो. पण यानं आजार जात नाही, फक्त आवरता येतो. गोळ्या आणि तपासण्या सोडायच्या नाहीत."

सासरचं गंजगोलाईच्या बाजारपेठेत किराणा दुकान आहे. तिथली रीत अशी की, माल तोलून झाला तरी वर मूठभर टाकायचाच. सासरे म्हणतात, गिऱ्हाईक मापानं येत नाही, वरच्या मुठीनं येतं.

मला सकाळी सहाला क्लास गाठायचा असतो, म्हणून पावडर कोमट पाण्यात कालवून द्यायचं काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. आंघोळ, कपाळाला विभूती, लिंगपूजा आणि मग माझा पेला. मला त्याचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दोन आठवड्यांत पोट बिघडलं, ते थांबेचना. एकदा वर्गात अंडाशयाची आकृती काढता काढता गरगरलं आणि मी फळ्याखालीच बसले. डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, डब्यात किती उरलंय? बघितलं तर महिनाभर पुरणारा डबा तळाला गेलेला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सासूबाईंनी एक चमचा सपाट टाकला. मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि दुसरा टाकला, चांगली शीग लावून.

"अत्याबाई, एकच चमचा सांगितलाय."

"एकानं काय व्हतंय माय? वर थोडं टाकलं की बरकत ऱ्हाती."

"कशाची बरकत?"

"लेकराची. अजून कशाची?"

म्हणजे दुकानातली रीत माझ्या अंगावर चालवली जात होती. मी चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि डबा माझ्या कपाटात ठेवला. त्यांना वाटलं, सून रुसली. मी रुसले नव्हते, संतापले होते. डॉक्टरबाईंनी पंधरा दिवस पावडर बंद ठेवायला लावली आणि नंतर पुन्हा एकच चमचा, माझ्या हातानं.

डबा कपाटात गेला त्याच आठवड्यात आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या वीसेक बाया आल्या होत्या. शेजारच्या काकूंनी विषय काढला, "सुनंला औषध चालू हाय म्हणं?"

"हाव, झाडपाल्याचं हाय. लई गुणाचं." सासूबाई एवढ्यावर थांबल्या असत्या तर मीही गप्प बसले असते. पण त्यांनी तिथल्या तिथं आवतण देऊन टाकलं, "पुढल्या संक्रांतीला बोरन्हाणाला यायचं बरं का समद्यांनी!" बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे डोक्यावरून ओतायला आधी लेकरू लागतं. इथं लेकराचा पत्ता नव्हता आणि आवतणं वाटून झाली होती.

मी कुंकवाचा करंडा खाली ठेवला.

"आवतण परत घ्या, अत्याबाई. ते औषध लेकरासाठी नाही. मला आजार आहे, पीसीओएस. पाळी वेळेवर येत नाही, तोंडावर केस येतात, उद्या साखरही वाढू शकते. औषध माझ्यासाठी आहे."

"चारचौघींत पाळीचं बोलायलीस?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

आमच्या लिंगायतांत पाळीचा विटाळ धरत नाहीत, त्या दिवसांतही पूजा चालते. सासूबाईंना याचा केवढा अभिमान! बाजूला बसणाऱ्या शेजारणींना त्या हे येताजाता ऐकवायच्या.

"विटाळ नाही म्हणता ना? मग लाज कसली?"

तिळगूळ घेऊन बाया भराभर उठल्या. नवऱ्याला कळल्यावर तो म्हणाला, "जरा दमानं घ्यायचंस." मी म्हटलं, "दमानं घेऊन घेऊनच हनुवटीला दाढी आली."

पाचव्या दिवशी मेथी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं, "तुला लेकरूच नको का गं?"

"ते मी अजून ठरवलं नाही. ठरलं की सांगेन."

"आन् झालंच न्हाई तर?"

"तर मी आहेच की घरात. मी कुणीच नाही का?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खोटं नव्हतं. मला वाईट वाटलं. तरी मी शब्द मागं घेतला नाही.

या घरात माझी पाळी म्हणजे वाईट बातमी. कधीतरी आली की सासूबाई सुस्कारा टाकायच्या आणि दिवसभर सगळे हळू आवाजात बोलायचे. महाशिवरात्र झाल्यावर ती आली, पस्तिसाव्या दिवशी. इतकी वेळेवर ती कित्येक महिन्यांत आली नव्हती. पावडरीनं आली, गोळ्यांनी की चालण्यानं, कोण जाणे. मी बाहेरच्या खोलीत आले. सासरे चहा पीत होते, नवरा बूट घालत होता, सासूबाई पलीकडं भाकरी थापत होत्या.

"पाळी आली," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

सासऱ्यांनी कपात तोंड घातलं. सासूबाईंचा हात थांबला, चेहरा सवयीनं उतरला.

"तोंडं काय पाडता? माझ्या आजारात हीच आनंदाची बातमी आहे," मी म्हटलं आणि हसले. एकटीच हसले, पण पोटभर.